साहेबांचे दात

मोठ्या घोड्याला नाल ठोकताना माणूस वाकतो. साहेबांचे खूर तासताना मात्र गुडघे टेकावे लागतात. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. मी घोड्याचे धरतो, तेही अशा घोड्याचे, ज्याची पाठ जेमतेम माझ्या मांडीला लागते. चाळीस वर्षं मी नालबंदाचं काम करतोय. शर्यतीचे घोडे केले, गाडीचे केले, एकदा एका आठवड्यात पोलिसांचे सोळा घोडे केले. पण गावात माझी ओळख काय, तर 'साहेबांचा न्हावी'. लोकांना तेवढंच दिसतं.

साहेब म्हणजे एक बुटका घोडा. पिल्लू नव्हे, पुरता वाढलेला, जातच तेवढी. करडा रंग, कपाळावर डोळ्यांपर्यंत आलेला केसांचा झुपका, पिंपासारखं पोट आणि एकूण रुबाब असा की नाव आपोआप पडलं. पण ही गोष्ट साहेबांची नाही, त्यांना सांभाळणाऱ्या बाईंची आहे. गाव त्यांना फोटोवाल्या बाई म्हणतं. मी वहिनी म्हणतो, कारण त्यांचा नवरा माझा दोस्त होता. आणि थोडी ही गोष्ट माझीही आहे, कारण त्यांची अकरा वर्षं ज्या दाराआड अडकली, त्या दाराची कडी मी लावली होती.

दोस्ताचा फोटो स्टुडिओ होता. घराच्या पुढच्या खोलीत कॅमेरा आणि मागे त्यानेच रंगवलेला पडदा. पडद्यावर डोंगर, तळं आणि तळ्यात दोन बदकं. तिसऱ्या बदकाची नुसती रेघ मारली होती, ती शेवटपर्यंत तशीच राहिली. एक सर्कस बंद पडली तेव्हा तिथून त्याने हा घोडा आणला. कागद नाही, पत्र नाही. पूर्ण वाढ झालेला आहे, एवढंच विकणारा म्हणाला होता. मग लेकरं यायची, घोड्यावर बसायची, भोकाड पसरायची आणि फोटो निघायचा. पाच वर्षं घोड्याने घर चालवलं. पुढे ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला. तरीही लोक पोरांना घोड्यावर बसवायला यायचे, फोटो स्वतःच काढायचे आणि जाताना 'थँक्यू अंकल' म्हणायचे. तो अंकल माझ्या दोस्ताला फार लागला. वर्षभरातच तो गेला, दुपारी जेवता जेवता छातीत कळ येऊन.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी मी गेलो. भेटायला म्हणून जायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर खुरांची पाळी आली होती म्हणून गेलो. दर सहा आठवड्यांनी खूर तासावे लागतात, माणूस मेला म्हणून ते वाढायचे थांबत नाहीत. दारात एक टेम्पो उभा होता. गावाबाहेर कुणी नवी बाग काढली होती, तिथे मुलांसाठी घोडा हवा होता. माणूस बरा वाटला. वहिनींची मुलगी, नुकतीच लग्न होऊन लांबच्या शहरात गेलेली, आईला म्हणत होती की देऊन टाक आणि चल माझ्याकडे. वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "भाऊजी, दात बघून वय कळतं ना? हा अजून किती वर्षांचा सोबती?"

कळतं. पुढचे दात किती झिजलेत ते बघायचं असतं. शिवाय वरच्या कडेच्या दातावर एक खाच असते, ती हिरडीपासून किती खाली उतरलीय तेही बघायचं असतं. झीज फसवते, खाच सहसा फसवत नाही. पण खाच बघायची तर ओठ नीट उचलून, उजेडात, दोन मिनिटं द्यावी लागतात. मला पुढे तीन घोडे होते, त्यातून रडक्या घरात मला उभं राहवत नाही. मी नुसते पुढचे दात बघितले. म्हाताऱ्यासारखे झिजलेले होते. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हणालो, "बावीस-तेवीसचा असेल. आता चार वर्षं, फार तर पाच." थोडं सांगितलं तर बाईंना धीर येईल, असंही तेव्हा मनात होतं.

वहिनी टेम्पोवाल्याकडे वळल्या. चार वर्षांसाठी त्याला परकं घर कशाला दाखवायचं, म्हणाल्या, राहू दे. मुलीला म्हणाल्या की हा गेला की येते, तोवर तुझंही घर नीट लागेल. टेम्पो रिकामा गेला, आणि मी चार खूर तासून पुढच्या घोड्याकडे गेलो.

चार वर्षं म्हणजे काय, असं बोलायला सोपं असतं. बुटका घोडा सांभाळणं म्हणजे काय ते मी सांगतो. ह्या जातीला हवेने सुद्धा चरबी चढते. मोठ्या घोड्यासारखं पोटभर टाकलं की खुरांच्या आत सूज येते आणि जनावर उभं राहू शकत नाही. म्हणून खाणं थोडं थोडं, दिवसातून चार वेळा, तोलून आणि भिजवून. मधल्या वेळात तोंडाला जाळीचं मुसकं. त्यांचं मागचं अंगण लांबीला अकरा पावलं आणि रुंदीला सात. सकाळी सहाला गवत, मग शेण काढणं, मग पुढच्या खोलीत पासपोर्टच्या फोटोंची गिऱ्हाइकं. फोटो काढता काढता मध्येच त्या म्हणायच्या, "हलू नका, आलेच," आणि मागे जाऊन यायच्या. लोक खरंच न हलता बसून राहायचे.

मुसक्यामुळे गल्ली त्यांच्यावर नाराज होती. ह्या गल्लीतल्या अर्ध्या लोकांच्या लेकरांचा फोटो साहेबांच्या पाठीवरचा. त्यांना वाटायचं साहेबांवर आपलाही हक्क आहे. नवऱ्यामागे बाईने घोड्याचं तोंड बांधलं, असं उघड बोलायचे. वहिनी ऐकून घ्यायच्या. मी एकदा भांडायला निघालो तर म्हणाल्या, "जाऊ द्या भाऊजी, प्रेमाने बोलतात." प्रेमाने बोलणाऱ्यांची मला तेव्हापासून धास्ती आहे.

तिसऱ्या वर्षी नात झाली. वहिनी घोडा शेजारणीकडे सोपवून, सगळं समजावून, चार दिवसांसाठी लेकीकडे गेल्या. शेजारीण मनाने चांगली. पहिल्याच दिवशी तिला दया आली आणि तिने मुसकं काढून ठेवलं. मग जो तो अंगणाच्या भिंतीवरून काहीतरी द्यायला लागला. एकच बिस्किट, एकच पाव, एकच साखरेचा खडा. प्रत्येकाने एकच दिलं आणि गल्लीत घरं छत्तीस. वहिनी परत आल्या तेव्हा साहेब पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागे घेऊन उभे होते आणि थरथरत होते. त्यांना कसंबसं पुढच्या खोलीत आणलं, मला बोलावणं आलं, जनावरांचे डॉक्टर आले. पुढचे आठ दिवस वहिनी गार पाण्याच्या घमेल्यात त्यांचे पाय धरून बसल्या होत्या. नातीला त्यांनी चार दिवस मांडीवर घेतलं, घोड्याचे पाय आठ दिवस. हे त्यांनीच मला सांगितलं, हसत. त्यानंतर त्या कुठेही गेल्या नाहीत.

पाचव्या वर्षी त्यांचा हात मोडला. तोपर्यंत घोडा नेहमी पुढच्या दाराशी आणला जायचा आणि मी तिथेच माझं काम करायचो. मागचं अंगण मी कधी बघितलंच नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा आत गेलो. अंगणाला अर्धं लाकडी दार होतं आणि त्याची वरची कड उंदराने कुरतडावी तशी खाल्लेली होती. मी बघत असतानाच साहेब पुढे आले, त्यांनी वरचे दात कडेवर रोवले, मान ताठ केली आणि घशातून हवा ओढली. पुन्हा तेच. पुन्हा तेच. डांबून ठेवलेल्या घोड्यांना ही खोड लागते.

वहिनी म्हणाल्या, "ही जुनी खोड आहे. आणला तेव्हापासून. यांनी किती वेळा पत्रा ठोकला दाराला, पण तो पत्रासुद्धा चावतो."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही हे झालंच, पण माझं लक्ष गेलं ते वेगळ्या गोष्टीकडे. लाकूड चावणाऱ्या घोड्याचे पुढचे दात वेळेआधी झिजतात. आमच्या धंद्यात आठवडाभर काढलेल्या माणसालाही हे ठाऊक असतं. मी साहेबांचा ओठ उचलला, तोंड उजेडाकडे वळवलं आणि यावेळी पूर्ण दोन मिनिटं बघितलं. कडेच्या दातावरची खाच निम्म्यावर आली होती. म्हणजे पंधरा वर्षं. म्हणजे मी बावीस-तेवीस म्हणालो होतो तेव्हा घोडा दहाचा होता. अशा बुटक्या घोड्यांना तिशी गाठताना मी बघितलंय.

वहिनी प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. काय बघताय, म्हणून त्यांनी विचारलं. कीड लागली नाही ना ते बघतोय, म्हणालो.

त्यानंतरची सहा वर्षं मी तोंडाला कुलूप लावून त्या घरी जात राहिलो. वर्षाला आठ-नऊ वेळा. दर वेळी ठरवायचो की आज सांगायचं, आणि दर वेळी वहिनी चहा पुढे करत म्हणायच्या, आता काय, थोडेच दिवस राहिलेत बिचाऱ्याचे. एकदा तर म्हणाल्या की मी बॅग भरून ठेवलीय, म्हणजे ऐनवेळी धावपळ नको. कपाटावर ती बॅग मी बघितली. तिच्यात त्यांनी नातीसाठी विणलेले लोकरीचे कपडे होते. नात ते कपडे कधीच मागे टाकून मोठी झाली होती, तरी वहिनी दर हिवाळ्यात एक माप मोठा असा नवा स्वेटर विणून त्यात ठेवत. लेक आधी रागवायची, मग रडायची, मग फोनवर फक्त हवापाण्याचं बोलायला लागली. मी भित्रा माणूस आहे. लाथा मारणाऱ्या घोड्याच्या मागे उभा राहतो म्हणून लोकांना तसं वाटत नाही, एवढंच.

यावर्षी लेकीला पुन्हा दिवस गेले. वय झालेलं, डॉक्टरांनी पाचव्या महिन्यापासून पलंगावरून उठू नका म्हणून सांगितलेलं. घरात सात-आठ वर्षांची मुलगी, नवरा दिवसभर कामावर. तिने फोन केला तेव्हा मी तिथेच होतो, गुडघ्यांवर, साहेबांचा मागचा पाय हातात धरून. आवाज बाहेर ऐकू येत होता. ती रागावलेली नव्हती, त्याचीच मला भीती वाटली. म्हणाली, "आई, यावेळी मी तुला ये म्हणत नाहीये. विचारतेय. नाही म्हणालीस तरी चालेल, मी बाई ठेवीन. फक्त मग पुन्हा कधी विचारणार नाही."

वहिनी उद्या सांगते म्हणाल्या आणि फोन ठेवला. बराच वेळ दाराच्या त्या खाल्लेल्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, चार वर्षांची अकरा झाली. परत एकदा दात बघा. आणि यावेळी मला धीर द्यायचा म्हणून नका बघू."

म्हणजे तेव्हाचं त्यांना एवढं तरी कळलं होतं. मी ओठ उचलला. बघायची गरज नव्हती, पण हाताला काहीतरी काम हवं होतं. मी सगळं सांगितलं. खोड, झीज, खाच, तेव्हाचे दहा, आत्ताचे एकवीस, अजून दहा वर्षं तरी. आणि हे मला सहा वर्षांपूर्वीच कळलं होतं, हेही सांगितलं.

वहिनी चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उलट्या बादलीवर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही वीस म्हणाला असतात ना, तर मी त्याच दिवशी त्याला टेम्पोत चढवला असता. वीस वर्षं कोण थांबतं? चार म्हणालात म्हणून थांबले."

ती बाग केव्हाच बंद पडली होती. एकवीस वर्षांचा, दार चावणारा, तोलून खाणारा घोडा आता कुणी फुकटही नेला नसता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं म्हणतात, पण हा पळणारासुद्धा नव्हता. मी म्हणालो, "तुम्ही जा. मी राहतो इथे." माझं घर दुकानाच्या माळ्यावर, भर रस्त्यावर. तिथे घोडा नेता येत नाही, पण मला इथे येता येत होतं.

त्यांनी दोन पानं भरून सगळं लिहून दिलं. वजनं, वेळा, गवत किती भिजवायचं, मुसकं कधी, कुणाला अंगणात येऊ द्यायचं नाही. शेवटचं उत्तर 'कुणालाच' असं होतं. मग कपाटावरची बॅग काढली, तिच्यावरची धूळ पुसली आणि गेल्या. इतकी वर्षं भरून ठेवलेली बॅग, पण स्टँडवर त्यांना आठवलं की स्वतःचे कपडे तिच्यात घातलेच नाहीत.

माझ्या बायकोने कपाळाला हात लावला. चाळीस वर्षांत मला कधी पाण्याचा पेला आणून दिला नाहीत, म्हणाली, आणि तिथे घोड्याचं गवत भिजवताय. तिचं बरोबर होतं. तरी दोन्ही वेळचा डबा तीच आणून द्यायची, दारातूनच. सकाळची सहाची वेळ, दहाची, तीनची, सातची. मधल्या वेळात कुठे जावं तर पाय निघत नाही; गेलो, तर भिंतीवरून कोण काय टाकेल ह्या धास्तीने अर्ध्या रस्त्यातून परत. चार दिवसांत मला कळलं की त्या घरातली घड्याळं भिंतीवर नाहीत, अंगणात आहेत.

त्यात साहेब जेवेनात. पहिल्या दिवशी वाटलं रुसलेत. दुसऱ्या दिवशी थोडं हुंगलं. तिसऱ्या दिवशी गवत तसंच्या तसं, आणि दार चावणं मात्र चालू. संध्याकाळी सातला वहिनींचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न, खाल्लं का? दोन दिवस मी हो म्हणालो होतो. तिसऱ्या दिवशीही हो अगदी ओठांवर होतं. खरं सांगितलं तर ही बाई उद्याच्या गाडीत बसेल आणि लेक पुन्हा विचारणार नाही. खोटं सांगितलं तर घोडा मरेल. एकदा वहिनींच्या भल्यासाठी म्हणून बोललो होतो, त्याची फळं बघत मी त्या अंगणात उभा होतो. म्हणालो, "खात नाही. तीन दिवस झाले."

त्यांनी विचारलं, "तो खातो तेव्हा तुम्ही कुठे असता?"

टाकून आत येतो, म्हणालो.

"तसं नका करू. बादली उलटी घाला आणि तुमचं ताट घेऊन तिथेच बसा. तो एकटा जेवत नाही." आणि म्हणाल्या, "लिहायचं राहिलं. हेसुद्धा एक काम आहे, हे मला माहीतच नव्हतं."

अकरा वर्षं त्या बाईने ह्या घरात एकही जेवण आत बसून घेतलं नव्हतं. मी बादली उलटी घातली, डबा उघडला आणि खायला लागलो. साहेबांनी चार घास होईपर्यंत माझ्याकडे बघितलं, मग मान खाली घातली. त्यांचं चावणं ऐकत मी जेवलो. माझे डोळे भरून आले हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. मात्र ते कोणासाठी भरले ते मला अजूनही नीट सांगता येणार नाही.

तीन महिन्यांनी नातू झाला. सगळं नीट. त्याच्यावर दीड महिना गेला. वहिनी फोनवर वेगळ्या बोलायला लागल्या होत्या. मागून नातीचं काहीतरी चाललेलं असायचं, कुणीतरी आजी आजी म्हणून ओढत असायचं, आणि त्या मला मध्येच थांबवून तिला दटावायच्या. दटावण्याचा तो आवाज माझ्या कानांना नवा होता. परवा त्यांनी सांगितलं की गुरुवारचं तिकीट काढलंय. लेक राहा म्हणते, खोली दिलीय, पण यायला तर हवंच. तुमचे गुडघे, तुमचं दुकान, किती दिवस तुम्हाला अडकवून ठेवू.

मग एकदम विचारलं, "भाऊजी, माझी आठवण काढतो का हो तो?"

माझ्या गुडघ्यांनी हो म्हणायला सांगितलं. एका शब्दात मी मोकळा झालो असतो.

"नाही," मी म्हणालो. "माझ्याबरोबर पोटभर जेवतो. तुम्ही गेल्याचं आता त्याच्या लक्षातही नाही."

पलीकडे नात आजी म्हणून हाक मारत होती. मग वहिनी बरं म्हणाल्या. नाक ओढलं असावं. म्हणाल्या, "बरं झालं. तिकीट मग राहू दे सध्या. तुम्ही जेवून घ्या," आणि फोन ठेवला.

पहिलं खोटं मी घाईत बोललो होतो. हे पूर्ण विचार करून बोललो, पुढची दहा वर्षं मोजून. माझी एकसष्ट आणि दहा, एकाहत्तर.

मी फोन स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला आणि वळलो. साहेब अंगणाच्या उंबऱ्याशी येऊन उभे होते, कान फोनकडे लावून. रोज सातला येतात. फोनमधून वहिनींचा आवाज येतो तेवढा वेळ दार चावायचं थांबतात, आणि आवाज बंद झाला तरी बराच वेळ तिथून हलत नाहीत. मी डबा उचलला, बादली उलटी घातली आणि त्यांची वाट बघत बसलो.